हात ओळखीचा नाही

तबस्सुम आत्तारने तिचा नवा मेलचा प्रोग्राम मला वापरून बघायला दिला, तेव्हा मी त्याला काठावरसुद्धा पास केलं नाही. पत्राला फोटो जोडला की अख्खी खिडकी गायब व्हायची. शोधायच्या चौकटीत ‘बार्शी’ लिहिलं तर काही सापडत नसे आणि नुसतं ‘बा’ लिहिलं तर जगातलं सगळं सापडे. मी हे रीतसर लिहून पाठवलं आणि खाली ‘अनुत्तीर्ण, पुन्हा बसावे’ असा शेरा मारला. तिचं उत्तर आलं की बाई, तुम्ही पेपर पूर्ण तपासलात हेच खूप झालं.

बाई म्हणजे मी, शैलजा डांगे. कराडच्या मंडईजवळ माझी टंकलेखनाची संस्था होती. आधी टाइपरायटर होते, मग संगणक आले. तलाठी, ग्रामसेवक, कोर्टातले कारकून, निम्म्या तालुक्याची बोटं माझ्या हाताखालून गेली. तबस्सुम दहावीच्या सुट्टीत आली होती. कळफलकाकडे न बघता टाइप करायला शिकली, पुढे इंजिनिअर होऊन पुण्याला गेली आणि तिथे आणखी तिघांना जमवून तिने हा ‘थेट’ नावाचा प्रोग्राम करायला घेतला. पहिली कच्ची आवृत्ती तपासायला तिला तिच्या बाई आठवल्या, याचा मला अभिमान वाटला होता. अर्थात तसं मी तिला कळू दिलं नाही.

असला प्रोग्राम करायची वेळ का आली ते सांगते. आपल्या सगळ्यांच्या मेलमध्ये तो सहायक येऊन आता बरीच वर्षं झाली. त्याला नुसतं म्हणायचं, मावशीला बरं नाही, दोन शब्द लिही. तो तुमच्या जुन्या पत्रांतून तुमचीच भाषा उचलतो आणि पानभर काळजी लिहून देतो. तिकडे मावशीचा सहायक ते वाचतो आणि मावशीच्या भाषेत उत्तर धाडतो. आमच्या गल्लीतल्या शेटेकाकांनी अशा रीतीने साडूशी उत्तम संबंध ठेवले होते. मग एका लग्नात दोघं समोरासमोर आले आणि काय बोलावं हे दोघांनाही सुचेना.

थेटमध्ये सहायक नव्हता. तो आपल्या टेबलावरच्या संगणकातच राहायचा आणि आपण पत्र लिहीत असताना बोटं कशी पडतात याकडे लक्ष ठेवायचा. कळ किती वेळ दाबलेली राहते, एक कळ सोडून दुसरीवर जायला किती वेळ लागतो, हे तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचा. जिन्यात पाऊल वाजलं की घरातलं कोण आलं ते आपल्याला कळतं, तशीच प्रत्येकाच्या बोटांचीही एक चाल असते. ही मोजमापं आपल्याच संगणकात राहायची. पत्राबरोबर जायचा तो त्यांचा आटवून केलेला एक छोटासा शिक्का, आणि शिक्क्यातून मूळ मोजमापं परत काढता येत नसत. समोरच्याचा थेट सुरुवातीच्या काही पत्रांवरून तुमचा हात पाठ करून ठेवायचा आणि पुढचं प्रत्येक पत्र त्याच्याशी ताडून बघायचा. जुळलं तर कडेला हिरवी पट्टी आणि ‘हात ओळखीचा’ अशी अक्षरं. नाही जुळलं तर पट्टी पिवळी आणि ‘हात ओळखीचा नाही’. मशीनने लिहिलेल्या किंवा कुठून तरी उचलून चिकटवलेल्या मजकुराला हातच नसतो, त्यामुळे त्याच्या नशिबी पिवळी पट्टीच.

फोनवर अंगठ्याने जे चालतं त्याला मी टाइपिंग मानत नाही. थेटही मानत नसे, तेव्हा आमचं बरं जमलं.

पण मेलचा प्रोग्राम एकट्याने वापरून काय करायचं? मी कुंदावन्संना गळ घातली. वन्सं ह्यांच्या थोरल्या बहीण. बार्शीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, यजमान गेल्यापासून एकट्याच राहतात. ऐकू जवळजवळ येत नाही आणि कानाचं यंत्र त्या बांगड्यांच्या डब्यात ठेवतात, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही. आमचं जे काही बोलणं आणि भांडणं व्हायचं ते सगळं मेलवर. दर दोन-तीन दिवसांनी माझं लांबलचक पत्र जायचं आणि त्यांचं त्याहून लांब उत्तर यायचं.

थेट घ्यायला त्या लगेच तयार झाल्या, कारण त्यांना एकदा चांगलाच चटका बसला होता. पंचाहत्तरीला पुतणीचं इतकं मायेचं पत्र आलं की वन्सं दिवसभर रडल्या, छापून फ्रेम करून घेतलं. नंतर पुतणी भेटली तेव्हा कळलं, त्या पत्रात काय होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. वन्संनी फ्रेम उतरवली आणि मला बजावलं, ‘तुझ्याकडून मशीनचं एक जरी पत्र आलं तर तुझं-माझं बोलणं संपलं.’ मी म्हटलं, कबूल.

वर्षभर मजेत गेलं. थेट हळूहळू सुधारत होता, फोटो जोडता यायला लागले होते आणि बार्शी सापडायला लागली होती. मी तबस्सुमला प्रथम वर्ग द्यायच्या विचारात होते. तेवढ्यात वन्संनी एका पत्राच्या शेवटी विचारलं, आज तुझी पट्टी पिवळी का?

मी कळवलं की प्रोग्राम कच्चा आहे, मनावर घेऊ नका. पुढचं पत्र हिरवं गेलं, त्यापुढची दोन पिवळी. मी तबस्सुमला दोष कळवला. तिने सगळं उलटंपालटं करून पाहिलं, तिला काही सापडलं नाही. मग माझी सगळीच पत्रं पिवळी जायला लागली आणि एक दिवस वन्संचं चार ओळींचं उत्तर आलं.

‘शैलजा, माणसाला कंटाळा येतो, त्यात काही गैर नाही. पण तसं तोंडावर सांगायचंस. तुझ्या नावाने मशीन माझी विचारपूस करतंय हे मला सोसवत नाही.’

मी तळमळून तीन पानं लिहिली. तीही पिवळीच गेली असणार, कारण उत्तर आलं नाही. त्यानंतरच्या पत्रालाही नाही. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून वन्संनी माझ्याशी अबोला कधी धरला नव्हता. आमची भांडणं पुष्कळ झाली, पण ती सगळी बोलून.

आता टंकलेखनाची बाई अशा वेळी काय करणार? मी सराव सुरू केला. पाठ ताठ, मनगटं उचललेली, परीक्षेला बसल्यासारखी एका ठेक्यात उतारे टाइप करायला लागले. बिघाड प्रोग्रामात असला तरी माझ्या हाताकडे बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असं ठरवलं. तसं घोटून घोटून लिहिलेलं एक पत्र मी ह्यांच्या खात्यावर पाठवून पाहिलं. तिथे मी पूर्वी न पाहिलेली लाल पट्टी उमटली, ‘हात माणसाचा वाटत नाही’. हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. मी तबस्सुमला लिहिलं की तुझ्या प्रोग्रामने माझं घरचं माणूस तोडलं.

तिने लगेच उत्तर दिलं. बोटांची मूळ मोजमापं आमच्याकडे येत नाहीत, येऊ नयेत म्हणूनच हा प्रोग्राम केलाय, पण तुम्ही स्वतःहून पाठवलीत तर मी ती बघीन, असं तिचं म्हणणं. मी वर्षभराची सगळी मोजमापं पाठवून दिली. मग तिच्याकडूनही काही येईना. मला वाटलं, गठ्ठा बघून पोरगी घाबरली.

ती आली ते एका सकाळी, थेट दारातच. आईला भेटायला आले होते म्हणाली, पण पिशवीत लॅपटॉप होता आणि तिला खोटं बोलता येत नाही. मी चहा केला. तिने मला एक उतारा टाइप करायला सांगितला आणि मी टाइप करत असताना ती माझ्या हातांकडे बघत राहिली. उलट व्हायचं होतं खरं तर. इतकी वर्षं मी तिच्यासारख्यांच्या हातांकडे बघत आले होते.

मग तिने पडद्यावर दोन रेघा काढून दाखवल्या. आपल्या मराठी कळफलकात बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात आणि काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला. ‘का’ लिहायचा तर उजवं बोट क देतं आणि पाठोपाठ डावं बोट काना. म्हणजे मराठी माणूस पत्र लिहितो तेव्हा जवळपास दर अक्षराला एक हात दुसऱ्याला साथ देत असतो. रोमन कळफलकावर हातांची अशी वाटणी नसते. तिथे कुठला हात मागे पडतोय हे शोधायला फार खटपट करावी लागते, इथे ते आपोआप मोजलं जातं. त्या रेघांपैकी वरची माझ्या उजव्या हाताची होती, वर्षभर सरळ. खालची डाव्याची. ती आधी वरच्या रेघेला चिकटून चालत होती आणि मग महिन्यागणिक थोडी थोडी खाली घसरत गेली होती.

“बाई, प्रोग्राम चुकत नाहीये,” तबस्सुम म्हणाली.

“म्हणजे मी चुकतेय?”

“तुम्ही नाही. तुमचा डावा हात उशिरा येतोय. डोळ्यांना दिसणार नाही इतकाच, पण दर वेळी. मी त्यावर थोडं वाचलंय. तुम्ही मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.”

मला राग आला. जन्म गेला माझा लोकांचे हात सरळ करण्यात आणि ही कालची पोर मला माझ्या हाताबद्दल सांगणार. मी तिला म्हटलं, चहा पी आणि मेलचा प्रोग्राम नीट कर. तिने मान खाली घातली, पण उठली नाही. रडवेल्या आवाजात तिने सांगितलं की सांगावं की नाही यातच तिचे इतके दिवस गेले. मेलचा प्रोग्राम करणाऱ्या मुलीने असं काही सांगणं बरोबर की चूक हे तिला कळत नव्हतं. तिच्या सोबतचे म्हणत होते, आपण डॉक्टर नाही, गप्प बस. “पण तुमच्या जागी माझी अम्मी असती तर मी गप्प बसले असते का,” असं ती म्हणाली, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. मी ह्यांना आतून बोलावलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं एकावर एक आपटायला लावली, मेंदूची चित्रं काढली. कंपवाताची सुरुवात होती. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य करणाऱ्या पेशी असतात, त्या एकेक करून कमी होत जातात आणि त्यामुळे हालचाली मंदावतात. हात थरथरायला लागून माणूस डॉक्टरकडे येतो तोवर त्यातल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. गेल्या काही वर्षांत आलेले उपचार हे कमी होणं थांबवू शकतात, पण हात थरथरायच्या आधी सुरू केले तरच, आणि गेलेल्या पेशी काही परत येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, या टप्प्यावर माझ्याकडे कोणी येतच नाही, तुम्हाला कळलं कसं? मी म्हटलं, नणंदेने पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान डोलावली आणि सगळी हकीकत सांगितली.

उपचार सुरू झाले. हात आहे तिथे थांबेल असा भरवसा डॉक्टरांनी दिला. घरी येताना मी गाडीत देवाचे, डॉक्टरांचे, तबस्सुमचे, सगळ्यांचे मनातल्या मनात आभार मानत होते, आणि कराड जवळ आल्यावर लक्षात आलं की माझा पूर्वीचा हात आता कधीच येणार नाही. म्हणजे माझं प्रत्येक पत्र वन्संकडे पिवळंच जाणार.

ह्यांचं म्हणणं सरळ होतं, ताईला कळवून टाक. मी नाही म्हटलं. वन्संनी यजमानांचं आजारपण अनेक वर्षं एकटीने काढलं होतं. आता कुठे त्यांच्या पत्रांत बागेचं, शेजारच्या बाळाचं यायला लागलं होतं. त्यांच्या दारात पुन्हा आजाराची बातमी नेऊन ठेवायची मला इच्छा नव्हती. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. आमच्या शैलजाच्या हाताला तोड नाही, असं त्या चार बायकांत सांगायच्या. शैलजा आळशी झाली, तिने पत्रं मशीनला दिली असं त्यांना वाटलेलं मला चाललं असतं. हात गेला हे वाटायला नको होतं.

असे बरेच दिवस गेले. मी पत्र लिहायला बसायची आणि उठायची. शेवटी हे माझ्याजवळ येऊन बसले.

“तू आजारी आहेस हे कळलं तर ताई रडेल,” ते म्हणाले. “पण तू परकी झालीस असं समजून ती आत्ताही रडतच असेल की.”

मी त्या दुपारी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, डाव्या हाताचं, रेघांचं, डॉक्टरांचं. तुम्ही तोंडावर ‘ही तू नाहीस’ म्हणालात म्हणून मी वेळेत डॉक्टरकडे गेले, इतर कोणी चालवून घेतलं असतं, तुमचे उपकार कसे फेडू, असंही लिहिलं. ते लिहिताना डोळे भरून आले. पण वन्संना नुसतं गोड लिहायची मला सवय नाही, त्यामुळे शेवटी राहवलं नाही आणि गेल्या खेपेला त्यांनी पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीत लसूण फार झाला होता हेही लिहून टाकलं. पत्र गेलं, पिवळी पट्टी लावून. त्या ते उघडतील की नाही याचा काही नेम नव्हता.

इकडे तबस्सुमच्या मंडळींत वाद पेटला होता. थेटला माणसाचा आजार कळू शकतो, तर तो त्याने आपणहून सांगावा का? तबस्सुमने मलाही विचारलं. मी म्हटलं, मुळीच नको. मेल उघडायला बसलेल्या माणसाला आजार सांगायचा नसतो. ज्याला विचारावंसं वाटेल त्याने विचारावं, आणि विचारलं तरच सांगावं, तेही तू माझ्याकडे आलीस तसं कोणीतरी समोर बसून. आणि दुसरं म्हणजे, हात बदलतात. कुणाचं मनगट मोडतं, कुणी म्हातारं होतं. मशीनला हात ओळखता आला नाही, तर तो ओळखायचा हक्क माणसाला दे. तिला ते पटलं. पुढच्या आवृत्तीत पिवळ्या पट्टीखाली ‘ओळख द्या’ असं एक बटण आलं. ज्याला खात्री असेल त्याने ते दाबायचं, आणि आपण हा हात कशावरून ओळखला ते एका ओळीत लिहायचं. ती ओळ पट्टीवर दिसायची आणि पट्टी हिरवी व्हायची.

वन्संचं पत्र एका सकाळी आलं. ‘पट्टी पिवळी असली तरी तुझी सगळी पत्रं मी वाचत होते,’ असं त्यांनी सुरुवातीलाच लिहिलं होतं. ‘उत्तर देत नव्हते इतकंच. मशीन असलं तरी तुझ्यासारखं लिहीत होतं ना.’ मग उपचार वेळेवर घे, चालायला जा, दिनकरला, म्हणजे ह्यांना, भाजी चिरायला लाव, अशा मुख्याध्यापिकेच्या सूचना. शेवटी, मी पुढच्या आठवड्यात येते आहे, चटणी घेऊन, आणि यंत्र कानात घालून. ते वाचून मी टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडले.

मी पाठवलेल्या त्या पत्रावर आता हिरवी पट्टी होती. तिच्यावर वन्संनी लिहिलं होतं, ‘आजारपण कळवायला बसली आणि माझ्या चटणीला नावं ठेवून उठली. शैलजाच आहे. — कुंदा बारबोले.’

दोन दिवसांनी गॅस एजन्सीच्या माणसाने फोन करून विचारलं, कुठली चटणी? मला काही उमजेना. मग पुण्याच्या डॉक्टरांचं उत्तर आलं. औषधाच्या मात्रेबद्दल लिहून त्यांनी खाली विचारलं होतं की लसूण नेमका किती पडला होता, कारण आमच्याकडेही हाच वाद आहे. मी तपासलं. वन्संची ओळ त्यांच्या आणि माझ्या पत्रांपुरती राहिलीच नव्हती. माझ्या हाताची ओळख म्हणून ती माझ्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर, थेट नसलेल्यांकडेही, चढून बसली होती, बँकेला, सोसायटीला, अगदी वीज मंडळाला पाठवलेल्या तक्रारीवरसुद्धा.

तबस्सुमचा जीव अर्धा झाला. तिने लिहिलं, ‘बाई, ही मात्र आमचीच चूक आहे. ओळख ज्याने दिली त्याच्यापुरतीच दिसायला हवी. आजच काढून टाकते.’

मी तिला कळवलं, बाकी सगळ्यांचं दुरुस्त कर, माझं राहू दे. कुणालाही पत्र लिहिलं तरी आधी वन्सं बोलतात आणि मग मी. आमच्या घरात लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलं आहे.